पेठेच्या इतिहासात बायकांची नावं लिहा : कोल्हापुरातल्या तालमींना खुले पत्र

प्रति,
कोल्हापुरातल्या सर्व तालमींचे वस्ताद, तरुण मंडळांचे अध्यक्ष आणि कार्यकर्ते यांना

सप्रेम नमस्कार.

हे पत्र महापालिकेला लिहिता आलं असतं. फलक लावायचे, चौकांना नावं द्यायची म्हणजे शेवटी परवानगी त्यांचीच लागते. पण मी शिवाजी पेठेत वाढले, याच शहरात नोकरीभर मुलींना इतिहास शिकवला, आणि कोल्हापुरात पेठेचं मन वळतं ते तालमीच्या कट्ट्यावर, हे मला चांगलं ठाऊक आहे. २०१९ च्या महापुरात नदीकडच्या वस्तीत पाणी शिरलं तेव्हा धावून गेली ती मंडळांची पोरं. शिवजयंतीची मिरवणूक असो, गणपती असो, नाहीतर गल्लीतलं मयत असो, खांदा द्यायला तुम्हीच असता. म्हणून मागणं तुमच्याकडे घेऊन आले आहे.

आठ मार्च जवळ आला की बहुतेक मंडळं महिलांसाठी काही ना काही करतात. हळदी-कुंकू, पैठणीचा खेळ, उखाणे, फेटे बांधून मोटारसायकलची रॅली. ते बंद करा असं मी मुळीच म्हणणार नाही. वर्षभर चूल, नोकरी, पोरांच्या शाळा, सासू-सासऱ्यांचं दुखणंखुपणं यात अडकलेली बाई संध्याकाळचे दोन तास खुर्चीवर बसून मनमोकळं हसते, याची किंमत मी जाणते. माझं म्हणणं वेगळं आहे. त्या कार्यक्रमात बाईला साडी मिळते, वाण मिळतं, टाळ्या मिळतात. पण तिच्या आधी या शहरात ज्या बायका होऊन गेल्या, ज्यांच्यामुळे तिला आज शाळेत, दवाखान्यात, कचेरीत जाता येतं, त्यांचं नाव तिच्या कानावर पडत नाही. आणि तुमच्या तालमीच्या भिंतीवर, जिथे मारुतीरायाच्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तादांचे फोटो ओळीनं लावलेले असतात, तिथे तर पेठेतली एकही बाई नसते.

सुरुवात ताराराणींपासूनच करू, कारण त्या तरी आपल्याला माहीत आहेत असं आपण समजतो. कावळा नाक्यावर त्यांचा अश्वारूढ पुतळा आहे, चौकाला त्यांचं नाव आहे. पण घोड्यावरच्या त्या बाईनं नेमकं काय केलं, असं दहावीच्या पोराला विचारलं तर ‘औरंगजेबाशी लढली’ यापुढे उत्तर सरकत नाही. यात पोराचा दोष नाही. त्याला कुणी बसवून सांगितलेलंच नाही.

मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर गेले. सरसेनापती हंबीरराव मोहित्यांची ही लेक तेव्हा पंचविशीत होती. संभाजी महाराजांची हत्या होऊन अकरा वर्षं झाली होती. येसूबाई आणि शाहू मोगलांच्या कैदेत होते. आणि खुद्द औरंगजेब बादशाह महाराष्ट्रात तळ देऊन एकेक गड गिळत चालला होता. सातारा पडला. पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा, सगळे गेले. अशा वेळी ताराबाईंनी आपल्या लहानग्या मुलाला गादीवर बसवलं आणि कारभार स्वतःच्या हातात घेतला. बादशाह इथे एका गडाच्या पायथ्याला अडकून पडलेला असायचा आणि मराठी फौजा नर्मदा ओलांडून माळव्यात, गुजरातेत घुसलेल्या असायच्या. त्यानं महिनेच्या महिने वेढे घालून घेतलेले गड तो पुढे सरकला की मराठे परत घ्यायचे. सात वर्षं त्या हे चालवत राहिल्या. १७०७ मध्ये बादशाह अहमदनगरजवळ मेला, पण मराठी राज्य काही त्याच्या हाती आलं नाही. खाफीखान हा मोगलांच्या बाजूनं लिहिणारा इतिहासकार. त्यालाही या बाईची बुद्धी आणि कारभार यांची तारीफ करावी लागली.

याच्या पुढचा भाग व्यासपीठावरच्या भाषणांत येत नाही. मला तो तितकाच महत्त्वाचा वाटतो. शाहू महाराज सुटून आले, खेडच्या लढाईत ताराबाईंची बाजू हरली, त्या पन्हाळ्याकडे आल्या आणि १७१० मध्ये इथली वेगळी गादी उभी राहिली. ज्या कोल्हापूर संस्थानाचा आपण एवढा अभिमान धरतो, त्याचा पाया असा एका हरलेल्या, पण हार न मानलेल्या बाईनं घातला. मग १७१४ मध्ये त्यांच्याच सवतीनं, राजसबाईंनी, आपल्या मुलाला गादीवर बसवलं आणि ताराबाईंना मुलासकट कैदेत टाकलं. पुढे साताऱ्यात त्यांनी पुन्हा राजकारणात हात घातला, काही डाव साधले, काही अंगाशी आले. पानिपत झालं त्याच वर्षी, १७६१ च्या डिसेंबरात, साताऱ्याला त्या वारल्या. वय सुमारे शहाऐंशी. माझी विनंती आहे की ताराराणींना हार घालताना ही सगळी बाई लोकांपुढे उभी करा. तिला नुसती रणरागिणी म्हणून मोकळं होऊ नका. ती राज्यकर्ती होती, हिशेब करणारी होती, चुकणारी होती. राजसबाईंनाही खलनायिका करून सोडून देऊ नका. सत्तेच्या राजकारणात पुरुष जे करतात तेच त्यांनीही केलं.

याच गादीवरच्या आणखी एका बाईचं नाव तर पेठेत कुणाच्या तोंडी नसतं. १७६० मध्ये राजसबाईंचे पुत्र, कोल्हापूरचे संभाजी महाराज निपुत्रिक वारले तेव्हा कोल्हापूरची गादी राहते की जाते असा प्रसंग होता. त्यांच्या राणी जिजाबाईंनी दत्तक घेतला, पेशव्यांकडून तो मान्य करवून घेतला आणि १७७३ पर्यंत राज्य सांभाळलं. मालवणच्या किल्ल्यावरून त्यांच्याच काळात इंग्रजांशी गाठ पडली. राजमाता जिजाऊंच्या नावाची ही दुसरी जिजाबाई आपल्याच गावची आहे.

आता सीपीआरच्या, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या दारात चला. पेठेतली निम्मी लेकरं तिथे जन्मली असतील. त्या दवाखान्याचं जुनं नाव अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेत फिलाडेल्फियाला एम. डी. झाल्या. त्यांना नेमणूक कुणी दिली? पुण्यानं नाही, मुंबईनंही नाही. कोल्हापूर संस्थानानं दिली, याच हॉस्पिटलच्या बायकांच्या विभागाची डॉक्टर म्हणून. आनंदीबाई नोव्हेंबरात मायदेशी पोचल्या त्या क्षयानं पोखरलेल्या. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्यांनी प्राण सोडला. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. कोल्हापूरला त्या कधी रुजू झाल्याच नाहीत. त्यांचं चरित्र महाराष्ट्रात शाळेच्या पोरांनाही माहीत आहे, पण ज्या वॉर्डात त्या बसायच्या होत्या तो आपल्या गावात आहे, हे आपल्या गावाला माहीत नाही.

रिकामी राहिलेली ती जागा पुढे भरली, आणि भरणारी बाई तर पुरती कोल्हापूरची झाली. रखमाबाई केळवकर यांच्याकडे राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानातल्या मुलींच्या शिक्षणाची जबाबदारी दिली होती. बाईच्या हाताखाली खातं चालायचं, हे त्या काळी किती जणांच्या पचनी पडलं असेल? त्यांची मुलगी कृष्णाबाई. ती फर्ग्युसन कॉलेजात शिकली, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाली आणि कोल्हापूरच्या याच हॉस्पिटलात कामाला लागली. महाराजांनी तिला पुढच्या शिक्षणासाठी विलायतेला पाठवलं. परत येऊन ती इथेच राहिली. तेव्हा पुरुष डॉक्टरला नाडी दाखवायलाही बायका आणि घरचे तयार नसत. बाळंतपणात बाई गेली तर देवाची इच्छा म्हणून चितेवर ठेवत. अशा गावात डॉक्टर कृष्णाबाई केळवकर दवाखान्यात बसतात ही बातमी किती घरांत दिवा लावून गेली असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. तुमच्या माझ्या पणज्यांपैकी कुणी ना कुणी त्यांच्या हातून वाचली असेल. आज त्या मोठ्या दारातून रोज हजारो माणसं आतबाहेर करतात. आनंदीबाई आणि कृष्णाबाई यांची गोष्ट चार ओळींत सांगणारा ठसठशीत फलक तिथे मला हवा आहे.

खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ तुम्हाला माहीत आहे. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची आठवण म्हणून तो उभा आहे. कलापूर म्हणून आपण छाती काढतो ती त्या कंपनीच्या जिवावर. कंपनी १९१७ ची, आणि १९२० मध्ये तिचा ‘सैरंध्री’ आला. त्याच्या काही वर्षं आधी ‘राजा हरिश्चंद्र’ मध्ये तारामतीचं काम सालुंके नावाच्या पुरुषाला करावं लागलं होतं, कारण कॅमेऱ्यापुढे उभी राहायला बाई मिळेना. बाबूरावांच्या चित्रपटात गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी उभ्या राहिल्या. पडद्यासाठी त्यांना कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी नावं दिली गेली. लोकांनी त्यांना वाळीत टाकल्यासारखं वागवलं. पुढे जयप्रभा स्टुडिओत भालजी पेंढारकरांच्या हाताखाली घडलेल्या सुलोचनादीदींना सगळ्या महाराष्ट्रानं आई मानलं, पद्मश्रीनं त्यांचा मान झाला. तो रस्ता ज्यांनी शिव्या खाऊन मोकळा केला, त्या दोघींची नावं स्तंभाजवळ दिसली पाहिजेत.

शिवाजी चौक तर आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा. आज जिथे छत्रपतींचा अर्धपुतळा आहे तिथे इंग्रजी अमलात गव्हर्नर विल्सनचा पुतळा होता. १९४२ च्या आंदोलनात भागीरथीबाई तांबे आणि जयाबाई हविरे या दोघींनी भर चौकात जाऊन तो विद्रूप केला. पोलीस, तुरुंग, घरची माणसं, गावाची तोंडं, या सगळ्याचा विचार करून त्या गेल्या असणार. नंतर तो पुतळा तिथून गेला आणि १९४५ मध्ये महाराज तिथे विराजमान झाले. दर शिवजयंतीला त्याच चौकात तुम्ही भगवा घेऊन नाचता. पुढच्या शिवजयंतीला पाळणा झाल्यावर या दोघींची नावं ध्वनिक्षेपकावरून एकदा मोठ्यानं घ्या. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

शाहू जयंतीबद्दलही बोलायचं आहे, आणि इथे मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण मला हे आतून लागतं.

२६ जूनला आपण महाराजांचं आरक्षण सांगतो, वसतिगृहं सांगतो, राधानगरीचं धरण सांगतो. ते सांगायलाच हवं. पण महाराजांनी बायकांसाठी केलेले कायदे कुणी वाचून दाखवत नाही. १९१७ मध्ये त्यांनी विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्याचा आधार दिला. १९१९ मध्ये आंतरजातीय लग्नाला मान्यता दिली आणि त्याच वर्षी घरात बाईला क्रूरपणे वागवणाऱ्याला शिक्षा देणारा कायदा केला. देशाला कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा स्वतंत्र कायदा करायला २००५ उजाडलं. हे सगळं लिहिणारे महाराज घरातही तसेच होते. १९१८ मध्ये त्यांचे धाकटे चिरंजीव शिवाजी शिकारीत गेले. मागे राहिली इंदुमती, जेमतेम अकरा-बारा वर्षांची सून. राजघराण्यातली बालविधवा म्हणजे चार भिंतींत जन्म काढायचा, ही रीत. महाराजांनी सोनतळीला तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली, सोबतीला वेगवेगळ्या जातींतल्या मुली शिकायला ठेवल्या. आप्तांचा विरोध त्यांनी मानला नाही. तिनं डॉक्टर व्हावं असं त्यांच्या मनात होतं. १९२२ मध्ये ते स्वतःच गेले आणि ते राहून गेलं. पण इंदुमती राणीसाहेब शिकल्या, वाचत राहिल्या आणि पुढे याच कोल्हापुरात त्यांनी मुलींच्या शिक्षणासाठी संस्था उभ्या केल्या.

अशा राजाच्या गावात मंडळाच्या हळदी-कुंकवाला आजही विधवा बाईला बोलावत नाहीत. कुणी मुद्दाम हाकलत नाही, हे मी मान्य करते. पण निमंत्रण जातं ते ‘सुवासिनींना’, आणि ज्या काकूनं तुमच्या गणपतीला दरवर्षी एकवीस मोदक करून दिले ती नवरा गेल्यावर खिडकीतून मांडव बघते. हे थांबवणं तुमच्या हातात आहे. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं हे करून दाखवलं. ४ मे २०२२ ला, महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या दोन दिवस आधी, त्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायला लावायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून हेरवाडचा कित्ता गिरवा असं सगळ्या गावांना सांगितलं. आपल्या जिल्ह्यातलं एक खेडं अख्ख्या राज्याला वाट दाखवतं आणि शहरातल्या पेठा मागे राहतात, हे बरं दिसत नाही. येत्या संक्रांतीच्या पत्रिकेत ‘सुवासिनी’ऐवजी ‘पेठेतल्या सर्व भगिनी’ एवढं छापा आणि पहिलं वाण विधवा बाईच्या हातात द्या. बाकीचं आपोआप होईल.

इतिहासाच्या पुस्तकात येणार नाहीत अशाही बायका आहेत. कोल्हापुरी चप्पल २०१९ पासून भौगोलिक मानांकन मिळवून जगभर मिरवते. तिची कातड्याची वेणी वळणारे, शिवण घालणारे हात घराघरांत बायकांचे आहेत. दुकानाच्या पाटीवर नाव ‘आणि सन्स’ असं असतं. हुपरीच्या चांदीतलं बारीक जोडकाम बायका घरबसल्या करतात. इचलकरंजीत मागाच्या कांड्या भरून भरून बोटं झिजलेल्या आज्या आहेत. पहाटे धार काढून डेअरीवर कॅन पोचवते ती बाई, आणि दुधाच्या पुस्तकावर बहुतेक ठिकाणी नाव असतं तिच्या नवऱ्याचं किंवा दिराचं. या बायकांचा सत्कार शाल-नारळ देऊन करू नका. त्यांच्याकडे बसा, त्यांचं काम नीट समजून घ्या, ते लिहून काढा. तुमच्यात फोन हाताळणारी हुशार पोरं आहेत. रील करता तशी प्रत्येक आजीची दहा मिनिटांची मुलाखत रेकॉर्ड करून ठेवा. कुठल्या साली काम सुरू केलं, मजुरी किती होती, काम कुणी शिकवलं, पोरं कशी सांभाळली, हे विचारा. ‘आमचं काय सांगायचं बाबा’ असं म्हणून ती आधी टाळेल. दुसऱ्यांदा जा.

खेळाचं मी तुम्हाला काय सांगू? तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला नेमबाजीत जगज्जेती झाली. राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं, तेही भारतीय महिला नेमबाजांतलं पहिलं. दोघी आपल्याच गावच्या. कुणाच्याही वाढदिवसाचा वीस फुटी डिजिटल फलक चौकात लागतो. या दोघींचा एक कायमचा फोटो तालमीत लावायला जागा निघेल. आणि फोटोसोबत मुलींना सरावाची वेळही द्या. जिल्ह्यातल्या मुली कुस्तीत पदकं आणतात, पण शहरातल्या जुन्या तालमीत संध्याकाळी एखादी पोरगी बापाचं बोट धरून आली तर तिला मातीत उतरायला वेळ ठरलेली नसते. आठवड्यातल्या तीन संध्याकाळी मुलींसाठी राखून ठेवायला वस्तादांनी मनावर घेतलं तर काय अवघड आहे?

या सगळ्याला मोठा निधी लागत नाही. एका विसर्जन मिरवणुकीतल्या साउंड सिस्टीमच्या भाड्यात सगळे फलक होतील. कामाची वाटणीही करता येईल. सीपीआरचा फलक भवानी मंडप आणि दसरा चौकाकडच्या मंडळांनी घ्यावा, खरी कॉर्नरचा त्या भागातल्या तालमींनी, शिवाजी चौकाचा महाद्वार रोडच्या मंडळांनी. महापालिकेकडचा अर्ज सगळ्यांनी मिळून एकच करावा, म्हणजे तो टेबलाटेबलांवर फिरत बसणार नाही. मजकुराची जबाबदारी मी घेते. माझ्या जुन्या विद्यार्थिनींपैकी काही जणी आता स्वतः इतिहास शिकवतात, त्याही यायला तयार आहेत. प्रत्येक साल, प्रत्येक नाव अभिलेखागारातून आणि जाणकारांकडून ताडून मगच लिहू, कारण दगडावर चूक कोरली गेली की ती शंभर वर्षं खोटं बोलते.

आपापल्या पेठेतल्या बायकांची नावं मात्र तुम्हीच आणायची आहेत. पहिली शाळा मास्तरीण, पहिली नर्स, पहिली नगरसेविका, खानावळ चालवून चार पोरं शिकवलेली, मोर्च्यात लाठी खाल्लेली. घरी जाऊन आजीला विचारा, तिच्या आजीचं नाव काय होतं. गणपतीच्या वर्गणीला बाहेर पडाल तेव्हा पावतीपुस्तकासोबत एक वहीही ठेवा आणि प्रत्येक घरातून एक नाव आणि एक काम लिहून आणा. मी गणपतीनंतर ती वही घ्यायला तालमीत येईन.

आपली,
शिवाजी पेठेतली एक निवृत्त इतिहास शिक्षिका
कोल्हापूर